तिचं ‘नाही’ आणि माझं ‘नाही’

सकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसून बेदाण्याचे देठ मोडत होतो. शेजारीण सप्ताहाचं आवतन घेऊन आली. बायको म्हणाली, “जेवायला येते बाई, पाया पडायला नाय.”

“मग जेवण कुणाचं खाती? देवाचंच ना?”

“आचाऱ्याचं,” ही म्हणाली. तिघंही हसलो. दुपारी जेवून बायको जरा आडवी झाली, ती उठलीच नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. पण नास्तिकातही प्रकार असतात हे मला बायकोनं शिकवलं. पहिलं मूल गेलं तेव्हापासून मी देवाला शिव्या घालायचो. देव्हारा मीच उचलून माळ्यावर टाकला. गावाला वाटायचं, पक्का नास्तिक म्हणजे मी. ही म्हणायची, “तुम्ही कसले नास्तिक? तुमचं त्याच्याशी भांडण हाय. माझी तर ओळखच नाय.” कुंकू मात्र ठसठशीत लावायची. कुणी टोकलं तर म्हणायची, “मला शोभतं.” नवस नाही, उपास नाही, आणि कुणाच्या देवाला वेडंवाकडंही नाही. गारपिटीत द्राक्षबाग झोपली तेव्हा मी आभाळाकडं बघून बोंबलत होतो. ती खाली वाकून कोणत्या वेली वाचतील ते बघत होती. “मेल्यावर मी कुठंच नसंल, मला शोधत बसू नका,” हेही तिनं भाजी चिरता चिरता सांगून टाकलेलं.

आमचा मुलगा शहरात, इंदिरानगरला राहतो. तो तिसराच प्रकार. “असेलही, नसेलही, आपल्याला कळायचं नाही,” म्हणतो. संध्याकाळी खांद्यावर मडकं घेऊन तो सरणाभोवती फिरला. मी अडवलं नाही. त्याची आई होती. ज्या दगडानं मडक्याला भोक पाडतात तो जीवखडा. गेलेल्याचा जीव दहाव्यापर्यंत त्यात राहतो म्हणतात. मेहुण्यानं तो माझ्या हातात दिला. “दाजी, ही आता यात हाय. घरात नेऊ नका, झाडाला टांगा. दहाव्याला रामकुंडावर नेऊ.”

मुठीत बसेल एवढा दगड. मी झाडाला टांगला नाही. खिशात घालून घरात नेला, तिच्या उशीवर ठेवला. आयुष्यभर देवाला दगड म्हणणारा मी त्या दगडाला “अगं” म्हणालो. दोनदा. देव नाही म्हणणं सोपं. मेल्यावर मी कुठंच नसंल, हे म्हणायला छाती लागते. ती तिला होती. अशी बाई माझ्या घरात नांदली.

उजाडता मेहुणा दारात. “दाजी, खडा कुठंय?”

“माझ्याकडं. रामकुंडावर जाणार नाय तो.”

“माझ्या बहिणीला वाऱ्यावर सोडता?”

“ती वाऱ्यावर नाय, पाण्यात नाय, दगडात नाय. तुझी बहीण कधी घाबरली नाय. तू कशाला घाबरतो तिच्यापायी?”

तो रडायला लागला. मुलगा त्याला धरून म्हणाला, “मामा, राहू द्या.” मी दोघांना चहा करून दिला आणि बागेत गेलो. खालच्या अंगाला बांधाला खांड पडलं होतं. तिथं दगड रचत गेलो, त्यातच तो खडाही लावला. वरून माती टाकली, पायानं दाबली. मग पाइपाचा वॉल फिरवून वेलींना पाणी सोडलं.