भाचीच्या पर्समधली गोळी

हल्ली सकाळी माझ्या साखरेच्या गोळीचं पाकीट फोडलं, की तो माशासारखा वास नाकात शिरतो आणि मी थेट जाफराबादला, बहिणीच्या बैठकीत जाऊन पडतो. भाचीला बघायला पाहुणे आले होते. मुलगा तिच्या मनात भरलेला, फोडणीच्या पोह्यांचा घमघमाट, आणि मी रंगात येऊन हात नाचवत किस्से सांगतोय. तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी खिसे चाचपले. "साखरेची गोळी घरीच राह्यली की!" "व्याहीबुवा, बिलकुल फिकीर करू नका!" असं म्हणत, काहीच ठरलेलं नसताना त्यांना व्याही करून, मी जादूगाराच्या थाटात भाचीच्या पर्समधून पाकीट काढून त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी नाव वाचलं. "बराबर, हीच. पण पोरीला या वयात साखर?" भाची चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. तिला साखर नव्हतीच. पीसीओडीमुळे पाळी चुकायची, म्हणून डॉक्टरांनी तीच साखरेवरची गोळी दिली होती. जालन्याला त्या डॉक्टरांकडे तिला मीच तर घेऊन गेलो होतो. पण एवढ्या पुरुषांत 'पाळी' हा शब्द माझ्या तोंडून निघेना. "न्हाई, ते... अशक्तपणासाठी," मी पुटपुटलो. पाहुणे अर्धा चहा ठेवून उठले आणि दुसऱ्या दिवशी नकार आला. भाची एवढंच म्हणाली, "मामा, इतकं बोलता तुम्ही, मंग तवा एक शब्द न्हाई निघाला?" आजही लग्नकार्यात माझ्याभोवती कोंडाळं जमतं, पण ती येऊन बसली, की मी किस्सा अर्धवट सोडून पाणी प्यायला उठतो.