वहिनीची छापून आलेली साक्ष

आमची वहिनी दवाखान्यात केसपेपर लिहिते आणि रविवारच्या उपासनेला सगळ्यांच्या आधी पुढच्या बाकावर जाऊन बसते. लिहायची हौस दांडगी! आमच्या चर्चच्या मंडळीचं मासिक मी चालवते, आणि शनिवारी दुपारी चर्चमागच्या खोलीत लिहिणाऱ्यांचा वर्गही घेते. वहिनी पहिल्या दिवशी आली ती बारा पानं घेऊनच. त्यात सतरा वेळा 'प्रभूची स्तुती असो' आणि घटना एकही नाही.

"वहिनी, प्रवचन पाळकांना करू द्या," मी म्हटलं. "तुम्ही एक माणूस दाखवा, एक प्रसंग दाखवा. तुमच्या लेखात सगळे पहिल्या ओळीपासूनच पवित्र! थोडं काळं असल्याशिवाय उजेड दिसणार कसा?"

जळली मेली माझी जीभ! वहिनीनं ते सगळं वहीत उतरवून घेतलं आणि पुढचा लेख मला न दाखवता परस्पर एका प्रकाशकाकडे धाडला. आयुष्य पालटलेल्या माणसांच्या साक्षी ते पुस्तकरूपानं काढत होते.

पुस्तक आलं. वहिनी हवेत. मी लेख उघडला आणि मला घामच फुटला. त्यात माझा दादा रोज झिंगून घरी येत होता, ताटं भिरकावत होता, एकदा तर गटारात झोपला होता. शेवटी वहिनीच्या प्रार्थनेनं सुधारला. अहो, आमचा दादा खोकल्याचं औषधसुद्धा भीत भीत अर्धा चमचा घेणारा माणूस! बावीस वर्षं शाळेची बस चालवतोय, बसला ओरखडा नाही. आणि ही शाळेची बससुद्धा वहिनीनं लेखात इमानेइतबारे लिहिली होती.

"वहिनी, हे काय करून ठेवलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना वन्सं, काळं हवं म्हणून. माझ्याकडे नव्हतं, मग यांच्या अंगाला लावलं. महिमा तर देवाचाच झाला ना?"

"देवाला खोटे साक्षीदार लागत नाहीत, बाई!"

आठ दिवसांत ते पुस्तक शाळेतल्या एका मुलीच्या आईच्या हाती पडलं. मुख्याध्यापिकेनं दादाकडून बसची किल्ली काढून घेतली. सोमवारी पालकांसमोर काय तो निकाल लागणार होता. आणि नेमकं किल्ली गेली त्याच दिवशी प्रकाशकाचं पत्र आलं. साक्ष फार आवडली, वहिनीनं आता स्वतंत्र पुस्तकच लिहून द्यावं.

दादा ओरडला नाही. ओरडला असता तर परवडलं असतं. सकाळी सवयीनं गणवेश घालून पायरीवर बसला, लेख दोनदा वाचला आणि म्हणाला, "एवढी वर्षं संसार केला आपण. त्यात लिहिण्यासारखं काहीच नव्हतं का गं?"

वहिनी आत गेली, दार लावून घेतलं. तासाभरानं बाहेर आली ती हातात कागद घेऊन. "वन्सं, तपासून द्या. पालकांना मी स्वतः वाचून दाखवणार. एक प्रत प्रकाशकाला."

"त्यांना धाडलीत तर पुस्तक गेलं, वहिनी."

"जाऊ दे." म्हणाली खरी, पण डोळे भरून आले होते. मलाही फार वाईट वाटलं.

कागदावर चारच ओळी होत्या. 'माझे पती कधीही दारू प्यायलेले नाहीत. मी खोटं लिहिलं. माझं नाव छापून यावं असं मला फार वाटत होतं. चूक माझी एकटीची आहे.' दुसऱ्याचं लिखाण छाटण्यात मी पटाईत, पण इथे एकच शब्द चुकीचा सापडला. 'एकटीची' तेवढं खोडलं आणि वहिनीच्या सहीखाली मीही सही केली.

सोमवारी वहिनीनं भर सभेत ते वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत थांबली नाही. किल्ली दादाच्या हातात परत आली. प्रकाशकाचं पत्र पुन्हा आलं नाही.

शाळेतून निघताना वहिनी म्हणाली, "वन्सं, हे आपल्या मासिकातही छापा. माझं नाव चांगलं मोठ्या अक्षरांत टाका."