संत्र्यांचे चोवीस थर

इंदूबाईने आम्हा दोघा शहाण्यांची एका दमात वरात काढली, हे आधीच कबूल करून टाकतो.

साल एकोणऐंशी. नागपूर शहराबाहेर कचऱ्याचा जुना डोंगर होता. तिथे बाग करावी, असं एका साहेबांच्या मनात आलं. डोंगर किती वर्षांचा हे त्याचं पोट चिरून सांगायला पुण्याहून भूगर्भशास्त्राच्या शोभाताई आल्या. मी धरमपेठेतला चित्रकलेचा मास्तर. बाग कशी दिसेल त्याचा मातीचा छोटा नमुना करायचं काम माझ्याकडे. आणि इंदूबाई त्याच डोंगराच्या पायथ्याशी झोपडीत राहायची. इतवारीच्या बाजारातून आलेल्या कचऱ्यातून पत्रा, काच, चिंध्या निवडून विकायची.

शोभाताईंनी चर खणला, संत्र्याच्या साली-बियांचे काळे थर मोजले. "चोवीस. म्हणजे चोवीस वर्षं," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. उभा जन्म नागपुरात काढून डोलावली!

इंदूबाई तोंडाला पदर लावून हसली. "ताई, संत्रा वर्सातून दोनदा येते. आंबिया बहार अन् मिरग बहार. बाराच वर्सं झाले. मी आली तवा इथं खड्डा होता."

शोभाताईंनी वहीत खाडाखोड केली. पुढे इंदूबाईला विचारल्याशिवाय त्यांनी फावडं उचललं नाही.

नमुना पाहायला मात्र तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती आपणहून आली. कापूस चिकटवून केलेली झाडं, बाकं, मधोमध कारंजं, सगळं नीट निरखलं.

"काहून गा मास्तर, माह्यं घर कुठी गेलं?"

तिच्या घरावरच मी कारंजं बसवलं होतं. बारा वर्षं तिथे राहिलेली बाई मला दिसलीच नव्हती. घरी जाऊन काड्यापेटीची झोपडी केली आणि कारंजं उपटून तिथे ठेवली.

साहेब आले तेव्हा इंदूबाई बाजूलाच उभी होती. त्यांनी झोपडी चिमटीत धरून भुईवर टाकली. "हा कचरा कोणी ठेवला?"

मी, शूर मास्तर, चपलांकडे पाहू लागलो.

इंदूबाई वाकली. काड्यापेटी उचलली, पदराने पुसली आणि होती तिथेच पुन्हा ठेवली.

"फेकलेलं उचलाची सवय हाय मले, साहेब," ती शांतपणे म्हणाली. "तुमी फेका. मी हाय इथंच."

साहेबांनी पुन्हा हात लावला नाही.