मागून पहिल्या दोघी

आमच्या जालन्याच्या सायकल ग्रुपमधले किस्से माझ्याकडंच जास्त साठलेत. पुढं पळणाऱ्यांना नुसता रस्ता दिसतो, मागं राहणाऱ्याला सगळं दिसतं. शिवाय किस्सा घरी येऊन कुणाला तरी सांगितला की संपतो. माझे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी बंगळुरूला नोकरीला. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाले, तेव्हापासून घरात बोलायचं म्हणजे कुकरशी. मग साठणारच ना!

*

मुलगी जाताना तिची गियरची सायकल इथंच ठेवून गेली. रिटायर झाल्यावर मी ती पुसली आणि चालवायला लागले. ग्रुप सकाळी जमतो तिथं पहिल्यांदा गेले, तर सगळी तिशीतली पोरं. त्यांचा कॅप्टन बोराडे, बियाण्याच्या कंपनीत सेल्समन. अदबीनं म्हणाला, "मावशी, कोणाला सोडायला आलात?"

"मलाच."

त्यानं घाईघाईनं माझ्या चाकात हवा भरली. हवा भरलेलीच होती.

*

अंबड रोडला लागलो की पोरं दिसेनाशी व्हायची. एकदा मी दम खायला थांबले. वाटलं, सगळ्यात मागं मीच. तेवढ्यात मागून आवाज आला, "रुकू नका सिस्टर. तुम्ही रुकल्या तर मला पुढं जावं लागंल."

वळून बघितलं, तर माझ्याच वयाची बाई. सलवार-कमीज, डोक्याला ओढणी, त्यावर हेल्मेट. जुन्या जालन्यातल्या शमीम आपा, उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या.

"तुम्ही मला ओळखता?"

"आमच्या शाळेत पोरांना लस टोचायला तुम्हीच आल्त्या. तवा लई जल्दी होती तुम्हाला."

त्या दिवसापासून आम्ही दोघी मागं. कधी त्या थोड्या पुढं, कधी मी.

*

आमची पहिली स्पर्धा अंकुशनगरच्या बाजूला होती. समोरून वारा असा, की पायडल मारावं तेवढं कमी. पुढचे कधीच निघून गेलेले. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, ड्रायव्हरनं आमच्या शेजारी हळू केला.

"बसा वर आज्जी. सायकली बी टाका. कारखान्यापर्यंत सोडतो."

"दादा, शर्यत चालू आहे," मी म्हटलं.

त्यानं मागं पाहिलं, पुढं पाहिलं.

"कोणाची?"

*

त्या स्पर्धेत पंचावन्नच्या पुढच्या महिला आम्ही दोघीच. दोघींनाही मेडल मिळालं. मी फोटो काढून मुलीला पाठवला. तिचा अंगठा आला. संध्याकाळी फोन आला, "आई, रस्त्यानं गाड्या किती असतात. आता बास कर."

दुसऱ्या दिवशी आपांनी विचारलं, "बेटी काय बोलली?"

"लई खूश झाली. तुमचा मुलगा?"

"तो पण. बिलकुल खूश."

मग चढ लागला. चढ संपेपर्यंत दोघी खाली मान घालून पायडल मारत राहिलो.

*

स्पर्धेत छातीवर नंबर लावतात. त्याच्या मागं लिहायचं असतं, काही झालं तर कोणाला फोन करायचा. मुलीचा लिहावा, तर ती तिकडून येणार कधी? शेजारचे सुट्टीत गावाला जातात. मी आपला माझाच नंबर लिहून टाकला.

नेमकी भोकरदन रोडला खडीवरून घसरले. गुडघा फुटला. एक स्वयंसेवक पळत आला, माझ्या छातीवरचा नंबर उलटा केला आणि फोन लावला. माझ्या खिशात रिंग वाजायला लागली.

"आधी फोन घ्या मॅडम, घरचा असंल," तो म्हणाला.

मी घेतला.

"हॅलो, तुमच्या घरच्या बाई इथं पडल्यात," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं, "बघून राह्यले."

आपा पोचल्या तेव्हा तो पोरगा कान धरून उभा होता आणि मी हसत होते. झालेलं ऐकून त्याही हसल्या. मग खाली बसल्या. बाटलीतल्या पाण्यानं माझा गुडघा धुतला. पुढच्या स्पर्धेत माझ्या नंबराच्या मागं त्यांनीच स्वतःचा फोन लिहिला. मला विचारलंही नाही.

*

मागच्या वर्षी आपांचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. "अम्मी, अकेली कब तक रहोगी?" असं म्हणाला.

"अकेली कुठं हाये मी?" आपा मला म्हणाल्या. पण गेल्या. पुण्यात रस्त्यावर सायकल चालवायची नाही असं मुलानं बजावलं, आणि घरात एका जागी उभी राहणारी व्यायामाची सायकल आणून दिली.

यंदाची स्पर्धा तीस किलोमीटरची होती. सुरुवातीलाच बोराडे जवळ आला. "सिस्टर, तुमच्या गटात यंदा तुम्ही एकट्याच. थोडं जाऊन वळलात तरी पहिल्याच."

तेवढ्यात आपांचा फोन. "सुटायला टाइम किती हाये?"

"होईल आता."

"मी पण बसून राह्यले सायकलवर. तीस म्हणजे बराबर तीस. बेईमानी न्हाई."

शिट्टी वाजली. पोरं गेली. दोन्ही बाजूंनी तुरीची रानं, मधे मी. सवयीनं मागं वळून बघायचे, रस्ता मोकळाच. वळायच्या ठिकाणी पोचले तोवर स्वयंसेवक निघून गेले होते. रस्त्यात नुसता नारिंगी प्लॅस्टिकचा कोन ठेवलेला. त्याला पूर्ण वळसा घालून परत फिरले.

मांडवात आले तेव्हा बक्षिसं चालू होती. फोन बघितला. आपांचा व्हॉइस मेसेज आलेला, "झालं माझं. चहा पण झाला. तुम्ही कुठवर आल्या?"

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. पंचावन्न वर्षांपुढील महिला, प्रथम क्रमांक. टाळ्या वाजल्या. पाहुण्यांनी गळ्यात मेडल घातलं. बोराडेनं माईक पुढं केला. "सिस्टर, पहिलं येऊन कसं वाटून राह्यलं?"

"मी दुसरी आले," मी म्हटलं, आणि खाली उतरले.