पिट्सबर्गचा पोचा पडलेला डबा

ईशा, निहार, पिट्सबर्गमध्ये तुमच्या घराजवळून वाहणारी नदी मी तुमच्या बाबाच्या जन्माआधी पाहिली होती. इथे, सोलापुरात, एका फिल्ममध्ये. हे आत्ता लिहिते आहे, कारण ती फिल्म मागच्या महिन्यात भंगारात निघाली होती आणि चूक माझी होती.

मी इथल्या कॉलेजची लायब्ररियन होते. अमेरिकेतली शहरं पूर्वी स्वतःच्या जाहिरातीसाठी छोट्या फिल्म्स काढत. रुंद रस्ते, चकचकीत मोटारी, हसणारी गोरी कुटुंबं. गरीब माणूस कुठे दिसायचा नाही, तरी आम्ही डोळे फाडून बघायचो. अशा नऊ फिल्म्स कॉलेजला भेट आल्या होत्या, त्यातली एक पिट्सबर्गची.

एका सोमवारी प्रिन्सिपॉल मॅडमचा फोन आला. "स्टोअररूममध्ये घाण वास सुटलाय. उद्या सगळं भंगारात देणार. बघायचं असेल तर आज या."

मी रफीकभाईंना शुक्रवार पेठेतून घेऊन गेले. कॉलेजचा प्रोजेक्टर वर्षानुवर्षं त्यांनीच चालवला. दार उघडताच ते थांबले.

"सिरका."

सिरका म्हणजे व्हिनेगर. जुनी फिल्म बिघडू लागली की तिच्यातून आम्ल सुटतं. त्याला बाहेर पडायला वाट हवी. ती नसेल तर फिल्म लवकर कुजते.

समोरच्या प्रत्येक डब्याला कडेने दुहेरी चिकटपट्टी होती.

"हे कुणी केलं?" मॅडमनी विचारलं.

"मी. रिटायर होताना. धूळ जाऊ नये म्हणून."

"लोणच्याची बरणी बांधावी तसं बांधलंय की," रफीकभाई म्हणाले. "लई मन लावून."

पहिल्या डब्यात फिल्मची वडी झाली होती. दुसऱ्यात पांढरी पूड. आठ डबे उघडले, आठही गेले. पिट्सबर्ग अजून सापडलं नव्हतं.

ते मागच्या फळीवर निघालं. त्या डब्याच्या झाकणाला पोचा होता, पट्टी धड बसेना, फट राहिली; रांगेत वाईट दिसतो म्हणून मी तो मागे सारला होता. वास होता, पण कमी.

"प्रोजेक्टरवर लावून बघा ना," मॅडम म्हणाल्या.

"न्हाय. आकसली असंल. कडंची भोकं मशीनच्या दात्यांवर बसायची न्हाईत, फाटंल."

ते खिडकीपाशी बसून हाताने रीळ सोडू लागले. पहिला हातभर तुकडा मोडला. दुसराही.

"मॅडम, हितनं पुढं मोडत न्हाई, वळतीय बघा."

प्रिन्सिपॉल मॅडमनी नाकावरचा रुमाल काढला. "हा एक डबा न्या. बाकीचे जाणार."

"डबा नेल्याची सही?" मी विचारलं.

"लायब्ररीचं रजिस्टर तुमच्याच हातचं आहे, तुम्हीच करा."

पुण्याच्या लॅबने एकेक चित्र वेगळं स्कॅन केलं. मी शिकले ते एवढंच: एखादी वस्तू बंद करून ठेवण्याआधी तिला काय मानवतं ते विचारावं. रफीकभाई तेव्हा कॉलेजातच होते, मी विचारलं नाही.

नऊपैकी एक फिल्म उरली आहे. सतरा मिनिटांपैकी अकरा मिनिटं दिसतात, तुमची नदी त्यात आहे. आवाज गेला आहे.