किलोची डावी सीट

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या मित्रासमोर सगळं ओकतो, त्यालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बघा, इथेही मी स्वतःची सोय पाहिलीच.

मी विमान चालवायला शिकवायचो. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातच, माळावरच्या एका धावपट्टीवर, एका विद्यापीठाची वैमानिक शाळा होती. पाच छोटी विमानं. शिकणारा डावीकडे बसायचा, शिकवणारा उजवीकडे. विमानांना आम्ही त्यांच्या नंबरातल्या शेवटच्या अक्षरावरून हाक मारायचो, वैमानिकांच्या बोलीत — 'बी' म्हणजे ब्राव्हो, 'के' म्हणजे किलो. त्यातलं 'किलो' सगळ्यात जुनं. त्याची डावी सीट पुढे सरकताना मध्येच अडायची. उंच पोरांना याचा पत्ताच नव्हता, ती सीट मागे ढकलूनच बसायची. मला माहीत होतं. असा बिघाड दिसला की विमानाच्या वहीत लिहायचा, मग मेकॅनिक बघतो. मी लिहिला नाही. आळस म्हणा — तेव्हा खरंच नुसता आळस होता.

आणि रोज सकाळी कोणी कोणत्या विमानात उडायचं, ते फळ्यावर मीच लिहायचो.

प्रज्ञा वरवट बकालची. आई अंगणवाडीत, पोरगी शिष्यवृत्तीवर आलेली. उंचीनं बेताची. पहिल्या आठवड्यात मी तिला 'ब्राव्हो' दिलं होतं. उतरल्यावर तिनं विमान मधल्या पांढऱ्या रेषेवर असं सरळ ठेवलं की मी हात मांडीवर घेऊन बसून राहिलो. चांगली होती. फार चांगली होती हो.

मग एकदा कँटीनमध्ये सगळ्यांसमोर ती म्हणाली, "सर, तुम्ही मेहकरचे ना? माही मावशी तुमच्याच गल्लीत राह्यते. तुमची आई लय आठवण काढते म्हने तुमची."

सहा वर्षं मी तिथं स्वतःला पुण्याचा म्हणवत होतो. भाषा घासूनपुसून घेतली होती, घरचा फोन आला की बाहेर जाऊन बोलायचो. पलीकडच्या टेबलावरून एक सहकारी हसला, "अरे, हा तर काऊनवाला निघाला!" आमच्याकडे 'का' ला 'काऊन' म्हणतात, त्यावरून. बस, एवढंच. यात त्या पोरीचा काय दोष होता? तिला तर आपलं माणूस भेटल्याचा आनंद झाला होता. मला तिचा राग नव्हता आला, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. आला होता. डोक्यात सणक गेली होती.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं — प्रज्ञा, किलो. तिसऱ्या दिवशीही. मग रोजच.

धावपट्टीवर विमान हातांनी नाही, पायांनी, खालची पेडलं दाबून सरळ ठेवावं लागतं. किलोत तिची पेडलांना फक्त बोटं टेकायची. पाठीमागे उशी घेऊन बसली, पण जोर लावला की उशी दबायची आणि विमान रेषा सोडून डावीकडे ओढायचं. मी शेजारीच बसलेलो असायचो. तिचे ताणलेले पंजे मला दिसत होते. उतरल्यावर मी तिच्या नावापुढे लिहायचो, 'दिशेवर ताबा नाही.'

एकदा ती म्हणाली, "सर, हे सीट पुढं येऊन नाही राह्यलं. मले दुसरं इमान देता काय?"

मी म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं." पोरं खो खो हसली. आणि अंगण खरंच वाकडं होतं — ते मला एकट्याला ठाऊक होतं.

"हाव सर, चुकी माहीच असन," ती म्हणाली. त्यानंतर तिनं सीटचं नाव काढलं नाही.

एकटीनं उडायची परवानगी मिळण्याआधी मुख्य प्रशिक्षक परीक्षा घेतात. तीही मी किलोवरच लावली. परीक्षेच्या दिवशी सकाळी खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभा होतो. एक शब्द पुसायचा होता फक्त. पुसला नाही. ती दोनदा नापास झाली, आणि नियमाप्रमाणे तिचं नाव शाळेतून कमी झालं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वहीत बिघाड लिहिला. मेकॅनिकनं सीटच्या रुळात अडकलेला एक वाकडा स्क्रू काढला. वीस मिनिटंही लागली नाहीत. त्याच महिन्यात तिच्याएवढ्याच उंचीची एक मुलगी किलोमधून एकटी उडाली, आणि सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. लाज कशी वाटली नाही? वाटली. तरी वाजवल्या.

मागच्या वर्षी मेहकरच्या स्टँडवर प्रज्ञा भेटली. आता पोस्टात नोकरीला आहे. माझ्या पाया पडली. सोबतच्या मैत्रिणीला म्हणाली, "हे आमचे सर. यायनं लय मेहनत घेतली व माह्यावर. माहेच पाय कच्चे निंघाले."

मी म्हणालो, "होतं असं कधीकधी."