त्या पहाटेची फीत

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. उजाडायच्या आत अख्खं नाट्यगृह झाडून व्हायला हवं. कचरा खुर्चीखाली ढकलणाऱ्यांतली ती नव्हती.

एका पहाटे केरसुणी घेऊन आत गेली, तर खेळ चालूच. रंगमंचावर कागदाच्या ढिगात एक माणूस रात्रभर निपचित पडलेला, आणि लोक त्याच्याकडे बघत बसलेले. हाच म्हणे खेळ. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"उठा आता," ती म्हणाली. "मेला असाल तर तसं सांगा, मी बाजूनं झाडते."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग अख्खं नाट्यगृह हसलं.

ते पहिलं हसणं तिच्या डोक्यातून जाईना. त्या नाटकमंडळींनीच प्रेक्षकांत माणूस पेरून आपली टर उडवली, असा तिचा संशय. पुढं त्यांचा खेळ असला, की ती खुर्च्यांखालची पत्रकं, तिकिटं वेचायची, डाग टिपून गादीखाली सपाट करायची आणि आपल्यावर काही छापलंय का, ते ओळीवर बोट ठेवून वाचायची. मंडळी पांगली, तशी ती जुन्या बाजारात त्यांच्या खेळांच्या ध्वनिफिती शोधू लागली.

नवरा त्याच नाट्यगृहाचा दारवान. "गाडलेली मढी कशाला उकरतेस?" तो म्हणायचा.

"तुम्ही तेव्हा कुठं होता?"

"दारवान दारावरच असणार."

ती निवृत्त झाली, त्याच महिन्यात जुन्या फितींच्या दुकानदाराचा निरोप आला. दोघं गेली.

"त्याच पहाटेची आहे, मावशी. पण मागणारे बरेच आहेत."

"आधी ऐकवा."

"आधी पैसे."

फीत कोरी निघणार, असं धरूनच तिनं पैसे दिले. दुकानदारानं ती तिथंच लावली. खरखर झाली, मग तिचाच आवाज आला, तरुण आणि करडा. मग ते हसणं. फिस्स, आणि मागोमाग एक उचकी.

तिनं मान वळवली. नवरा दुकानाच्या दारात उभा राहून रस्ता न्याहाळत होता.

"दारावर होता ना?"

"आत डोकावलो होतो. बोललीसच तसं. आवरलं नाही."

"मग इतकी वर्षं तोंड का शिवलं होतं?"

"तू विचारायचीस तेव्हा हातात केरसुणी असायची."

ती दुकानदाराला म्हणाली, "पुन्हा लावा."

घरात रोज फुकट ऐकू येणाऱ्या त्या हसण्याला तिनं शेवटच्या महिन्याचा अख्खा पगार मोजला होता.